आवाजातला दोष

मीटिंग सुरू होऊन बराच वेळ झाला होता आणि जगभरातले टेस्टर पडदाभर चौकटींमध्ये गप्प बसले होते.

दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा या सगळ्यांचा धंदा. अशा एकेकट्या माणसांचं जगभर पसरलेलं कुटुंब उभं करायचं म्हणून ताईने नोकरी सोडली होती. आज कुटुंब पहिल्यांदाच समोरासमोर आलं होतं.

"कोणीतरी बोला ना," ती म्हणाली. "इथे येऊन काय मिळालं, एवढंच सांगा."

चौकटींमध्ये काम मात्र जोरात चाललं होतं. एकाने आपलं नाव पुसून टाकलं होतं आणि बिनानावाच्या माणसाला मीटिंग आत घेते का ते तो बघत होता. मीटिंगने घेतलं. एक आजोबा तीन फोनांवरून एकाच वेळी हजर होते आणि तिन्हीकडे थोडे थोडे वेगळे दिसत होते. एका टोपीवाल्याने हात वर केला होता. ताईने मोठ्या आशेने त्याला बोलायला सांगितलं, तेव्हा कळलं की हात आपोआप कधी खाली येतो ते तो तपासतोय.

"लग्नातही असेच पाहुणे येतात," धाकटा भाऊ दारातून म्हणाला. "पण ते निदान जेवून तरी जातात."

"तू गप्प बस."

"बसतो. पाच वाजता जुन्या ऑफिसातल्या साहेबांचा फोन येईल तेव्हा काय सांगणार आहेस?"

"बघू."

"बघू काय? तुझी जागा आजपर्यंतच ठेवलीय त्यांनी. उद्या दुसरं कोणी बसेल तिथे."

ताई पडद्याकडे वळली. "मग मी हे आजच बंद करते. ग्रुप, चर्चा, सगळंच. कोणाची हरकत?"

पहिल्यांदाच हालचाल झाली. माणसं पुढे सरकली. चष्मे चढले.

"बंद करायचं बटण मला दिसत नाहीये," टोपीवाला म्हणाला.

"मला दिसतंय, पण दाबलं जात नाही," आजोबा म्हणाले. दुसऱ्या फोनवरून त्यांचंच वाक्य उशिरा आलं. तिसऱ्यावरून आलंच नाही, आणि चूक सापडली म्हणून त्यांना फार बरं वाटलं.

"मी बटणाचं नाही विचारलं," ताई म्हणाली. "हे तुम्हाला हवंय का, ते विचारलं. मी इतके महिने..."

तिने टेबलाची कड घट्ट धरली. रडणं तिने पार गळ्याशी दाबून धरलं होतं, त्यामुळे मध्येच एखादा हुंदका तेवढा निसटत होता.

बिनानावाच्या माणसाने कॅमेरा चालू केला. ती एक तरुण मुलगी निघाली.

"आवाज तुटतोय," ती हळूच म्हणाली.

"इकडेही. आधी खरखर, मग श्वासासारखं काहीतरी."

"मी हेडफोन बदलून पाहिला. तरी येतंय."

एका देशातून दुसऱ्या देशाला दुजोरा मिळत गेला. माणसं एकमेकांना हाका मारू लागली. आजोबांनी टोपीवाल्याला आपला एक फोन देऊ केला आणि तो कसा पाठवणार यावर सगळे मिळून हसले. इतकं जिवाभावाचं कुटुंब ताईने स्वप्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

भाऊ लॅपटॉप मिटायला पुढे आला. तिने त्याचा हात बाजूला केला.

"एक विनंती होती," टोपीवाला अदबीने म्हणाला. "माझ्याकडे नीट टिपलं गेलं नाही. मघाशी केलंत ते पुन्हा एकदा कराल का? माइकच्या जरा जवळ येऊन."

टेबलावरचा फोन वाजायला लागला.

"आणि मागे ते जे वाजतंय, तेवढं बंद करा. त्याने घोळ होतो."

"ताई, साहेब आहेत," भाऊ म्हणाला.

ताईने फोन कापला आणि माइक तोंडाशी ओढला. जगभरातली माणसं हेडफोन कानांवर दाबून, श्वास रोखून ऐकू लागली.