गरागरा फिरणारा गुडघा

“जुळलं!” नागपूरहून हेरंब ओरडला.

गुडघेदुखीच्या नव्या गोळीच्या चाचणीची आकडेमोड त्याने आणि पुण्यातल्या सुहिताने, एकमेकांचा प्रोग्रॅम न बघता, वेगवेगळी केली होती. सामाईक ऑनलाइन वर्कस्पेसवर दोघांची उत्तरं तंतोतंत जुळली. दोघांनीही एकच नोंद बाद केली होती. एका बाईंचा गुडघा म्हणे एका संध्याकाळी जागच्या जागी गरागरा फिरत होता! गुडघ्याला बांधलेल्या पट्ट्यातला सेन्सर बिघडला असणार, दुसरं काय?

सुहिता अहवाल पाठवणार, एवढ्यात पडद्यावर हिरवा दिवा लागला. आता रुग्णही वर्कस्पेसचे सभासद होते, फक्त नाव आणि चेहरा झाकून. त्यांची नोंद बाद झाली की त्यांना आपोआप कळे, आणि त्यांच्या होकाराशिवाय अहवाल पुढे जात नसे.

“माझी नोंद कोणी काढली रे?” आवाज खणखणीत होता.

“काकू, तुमचा सेन्सर बिघडला होता,” सुहिता म्हणाली.

“बिघडतोय कशाला! मंगळागौर होती. कित्येक वर्षांनी फुगडी घातली!”

हेरंबने कपाळावर हात मारला.

“जोडीला कोण होतं?” सुहिताने हसत विचारलं.

“विहीणबाई. त्याही तुमच्याच चाचणीत आहेत. पण त्यांना नुसती साखरेची गोळी मिळालीय बहुतेक.”

कोणाला खरी गोळी आणि कोणाला साखरेची, हे अजून सुहितालाही ठाऊक नव्हतं. “कशावरून?”

“दुसऱ्याच गिरकीला ‘सोडा, सोडा’ करत खाली बसल्या!”

सुहिताने नोंद परत घातली, शेऱ्यात ‘फुगडी’ असं लिहिलं आणि गुडघे धरून घरी बसलेल्या आईला फोन लावला.

“आई, तू शेवटची फुगडी कधी घातलीस गं?”