लांबूचा जबाब

दाजी वरून पडले तेव्हा दोरीचं खालचं टोक लांबूच्या हातात होतं.

कंपनीच्या आवारात उभ्या ट्रकवर फळ्यांचे गठ्ठे दोन पुरुष उंच रचलेले होते. दाजी त्यावर ओणवे होऊन ताडपत्री पसरत होते. वारा सकाळपासून चेकाळला होता. तो एकदम ताडपत्रीखाली शिरला, ती टम्म फुगली आणि तिने दाजींना कडेवरून ढकललं. लांबूने जिवाच्या आकांताने दोरी खेचली. पण दोरीला ताडपत्री बांधलेली होती, माणूस नाही. दाजी नुसतं "अरे, अरे" म्हणाले, कोणाच्या हातून कप कलंडावा तसं. मग ते काँक्रीटवर आडवे होते आणि त्यांचा डावा पाय भलत्याच बाजूला वळला होता.

दाजी म्हणजे लांबूच्या सख्ख्या बहिणीचे यजमान. त्यांनीच त्याला स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं, आणि ताडपत्री बांधायलाही. दोघे एकाच कंपनीचे उघडे ट्रक चालवायचे. ताडपत्री ओल्या म्हशीसारखी जड. ती खांद्यावर घेऊन मालावर चढायचं, पसरायची, चारी बाजूंनी आवळायची. दोन तास कुठे गेले नाहीत. आणि कंपनी मजुरी धरायची ती चाक फिरल्यापासून. या दोन तासांचे पैसे मिळावेत म्हणून तीन आठवड्यांपूर्वी चाळीस ड्रायव्हरांनी सह्या करून अर्ज दिला होता. मजकूर दाजींचाच. कंपनी म्हणाली, विचार करू.

"खुबा मोडलाय," डॉक्टर म्हणाले. "उद्याच्या उद्या ऑपरेशन झालं पाहिजे. नाहीतर पाय कायमचा अधू."

ताई बाहेर बाकावर बसली होती. दाजींचा एक बूट तिने मांडीवर धरला होता. दुसरा कुठे गेला कोणालाच माहीत नव्हतं. ऑपरेशनचा आकडा ऐकल्यापासून ती रडायची थांबली होती.

"लांबू, कंपनी करेल ना रे सगळं?"

"न करून जाईल कुठे?" लांबू म्हणाला आणि तसाच कंपनीच्या ऑफिसात गेला.

तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाने फॉर्म काढला. पेनाचं टोपण उघडलं.

"पडले तेव्हा काय करत होते?"

"ताडपत्री बांधत होते."

कारकुनाने काहीच लिहिलं नाही. तो उठला, दार लोटून आला आणि खुर्ची पुढे ओढून बसला.

"हे बघा, असं लिहिलं तर एक दमडी मिळायची नाही. ताडपत्री कामात धरत नाहीत. केबिनमधून उतरताना पाय सटकला असेल, तर मात्र सगळा खर्च कंपनीकडे. तिथे अजून कोण होतं?"

"मी एकटाच."

"मग नीट आठवून सांगा."

दोरीने सोलवटलेले तळहात लांबूने टेबलाखाली घेतले. आपण खोटं बोललो की कानाच्या पाळ्या लाल होतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ताई त्या बाकावर बूट धरून बसली होती.

"केबिनमधून उतरताना," तो म्हणाला. "पाय सटकला."

कारकुनाने वळणदार अक्षरात जबाब लिहिला आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. लांबूने सही केली. जाताना त्याने त्या माणसाला हात जोडले. जगात अजून देवमाणसं आहेत, असं त्याला वाटलं.

ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी दाजी नीट बोलायला लागले.

"ती फळ्यांची गाडी गेली का रे?"

"त्याच दिवशी गेली. दुसऱ्याने बांधली ताडपत्री."

"नीट बांधली ना? तिचा मागचा कोपरा सुटतो."

लांबू हसला, आणि मग बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडला. ताई मागोमाग आली. "तू होतास म्हणून निभावलं," ती म्हणाली. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

कंपनीच्या आवारात मात्र वेगळीच हवा होती. "दाजी पडले हे वाईटच," टकल्या ड्रायव्हर जो भेटेल त्याला सांगत होता, "पण आता अर्जाला नाही म्हणायला तोंड कुठून आणतील?" सगळे माना डोलवत. लांबूही डोलवायचा.

दहाव्या दिवशी अर्जाचं उत्तर फलकावर लागलं. वीस-पंचवीस जण गोळा झाले. लांबूला सगळ्यांनी पुढे रेटलं. "तू वाच. तुझं डोकं पोचतं तिथवर."

लांबूने घसा खाकरला. "ताडपत्री बांधण्याचा वेगळा मोबदला देता येणार नाही," तो वाचू लागला. मागून कोणीतरी शिवी हासडली. "हे काम धोक्याचं आहे, हा चालकांचा दावा निराधार आहे. कंपनीच्या आवारात ताडपत्री बांधताना आजवर..." त्याचा आवाज उतरला. "आजवर एकही चालक पडलेला नाही."

"पडलेला नाही?" टकल्या ओरडला. "आणि दाजी काय हवा खायला खाली आले? लांबू, अरे, तू तर तिथेच होतास. चल ऑफिसात, सांग त्यांना!"

सगळ्यांचे चेहरे त्याच्याकडे वळले. लांबूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो हलला नाही. नोटिशीखाली पुरावा म्हणून आणखी एक कागद टाचला होता, वळणदार अक्षरातला, आणि त्यावर सही त्याची होती.