कीर्तनानंतरची किटली

या मंडळी, जवळ सरकून बसा; एका किटलीची गोष्ट सांगतो.

मोरेश्वरकाका तीस वर्षं दर एकादशीला कीर्तनानंतर देवळाच्या पायरीशी फुकट चहा वाटायचे. तेवढीच त्यांची सेवा. या एकादशीला समोर कॉफीच्या बड्या कंपनीचं दुकान उघडलं. दारावर पाटी होती, ‘आज प्रत्येकाला एक कप मोफत.’ आपली किटली भरलेलीच राहील, या धास्तीनं काकांचं लक्ष अभंगात लागेना.

पण बुवांनी निरूपणात कंपन्यांनाच धरलं. “या कंपन्या आधी फुकट पाजतात आणि मग आपलं घरदार पितात.” माना डोलल्या. काकांच्या जिवात जीव आला. त्यांनी आलं जरा जास्तच ठेचलं.

आरती झाली आणि मंडळी रस्ता ओलांडून गेली. सर्वांत पुढे बुवा.

थोड्या वेळानं सगळे कागदी कप सांभाळत परत आले. काकांनी लगबगीनं पेले मांडले.

“चहा नको, काका,” बुवा हळूच म्हणाले. “चमचाभर साखर द्या. फार कडू आहे हो. तिथं मागायचा संकोच वाटला.”

काकांनी प्रत्येकाच्या कपात साखर घालून ढवळून दिली.

गोड घोट घ्याल तेव्हा त्यांची आठवण ठेवा, मंडळी.