नऊशे किलोमीटरचे किडे

"सुकलेल्या किड्यावर घासणी मारली की किडा राहतो आणि रंग जातो," सासूबाई म्हणाल्या. "खाली ठेवा ती, जावईबापू."

जावईबापूंनी घासणी खाली ठेवली.

सासूबाईंनी इस्पितळाच्या धुलाईखान्यात तीस वर्षं काढली होती. त्यामुळे डागाच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द त्यांचा असे. बाकीच्या बाबतीतही त्यांचाच असे, पण त्याला काही कारण नव्हतं.

निळी गाडी फाटकापाशी सावलीत उभी होती. बॉनेट, बंपर, दिवे, काच, सगळीकडे किडेच किडे. सकाळी गॅरेजमधून ब्रेकचं काम झालेली ही गाडी उचलायची आणि चार वाजता दिलेल्या पत्त्यावर पोचवायची, एवढंच जावयांच्या नव्या नोकरीतलं पहिलं काम होतं. काम देणाऱ्या बाईंनी फोनवर दोनदा बजावलं होतं. "नऊशे किलोमीटर चालून आलेली गाडी आहे, सांभाळून आणा. जशी आहे तशी हवी."

"जशी आहे तशी म्हणाल्या ना?" बायकोने पुन्हा विचारलं. ती पायरीवर बसून जुना पंचा फाडत होती.

"म्हणजे ओरखडा नको. असली गाडी दारात नेली तर पहिल्याच दिवशी घरी पाठवतील. मागच्या वेळी आठवतंय ना?"

आठवायला फार लांब जायला नको होतं. मागच्या मालकांनी बॉनेटवरून बोट फिरवलं होतं, बोट पाहिलं होतं आणि उद्यापासून येऊ नका म्हटलं होतं. तेव्हापासून दोघं सासूबाईंच्या दोन खोल्यांतल्या एकीत राहत होती. आजचा दिवस नीट गेला तर नोकरी पक्की होणार होती, आणि पक्क्या ड्रायव्हरला राहायला खोली होती.

सासूबाई म्हणूनच सकाळपासून कंबर कसून उभ्या होत्या.

"बॉनेट गार झालंय का बघा. तापल्या पत्र्यावर साबण वाळतो. हं. आता कोमट पाणी, त्यात थोडासाच शाम्पू. पंचा भिजवून नुसता पसरून ठेवा. दहा मिनिटं हात लावायचा नाही. डागाशी भांडायचं नसतं, त्याची समजूत काढायची असते."

दहा मिनिटं तिघंही समजूत काढत उभी राहिली.

पंचा उचलला. किडे जागच्या जागी होते.

"हे मेलेत की नोकरीत कायम झालेत?" बायको म्हणाली.

"तू गप गं," सासूबाई म्हणाल्या. "परत भिजवा."

तिसऱ्यांदा भिजवल्यावर पहिला किडा सुटला. अख्खा. सहाच्या सहा पाय शाबूत, पंख पसरलेले. सासूबाईंनी तो तळहातावर घेऊन चष्म्याखाली धरला.

"ताशी शंभरने येऊन आपटला म्हणता, आणि मिशीसुद्धा वाकडी झाली नाही. दैव एकेकाचं."

किड्याखाली पांढुरका चिकट थर होता.

"हेच ते," जावई म्हणाले. "किड्याच्या अंगातलं आम्ल. हेच रंग खातं. बरं झालं वेळेत काढलं."

मग एक पद्धत बसली. बायको भिजवायची, जावई मऊ कापडाने एकाच दिशेने अलगद उचलायचे. कापड धुवायला एक बादली, साबणाच्या पाण्याला दुसरी. दिव्यांच्या खाचेतले किडे सासूबाईंनी दात घासायच्या जुन्या मऊ ब्रशने सोडवले, तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तसे. शेजारचे काका फिरायला निघाले होते, ते थांबून म्हणाले, "सुरीने खरवडा की. पाच मिनिटांचं काम." सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते फिरायला न जाता घरी गेले.

दोन तास गेले. शेवटचं स्वच्छ पाणी ओतलं, कोरड्या कापडाने टिपलं. गाडीत आभाळ दिसायला लागलं.

"एक ओरखडा नाही," बायको म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला. "अहो, खोलीला खिडकी असेल ना?"

"दोन मागून घे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दोघांच्या अंथरुणाची वळकटी आत्ताच बांधायला घेतली.

चार वाजायला पाच मिनिटं असताना गाडी पत्त्यावर पोचली. उंच पत्र्याची शेड होती. फाटकात फोनवरच्या बाई हातात कागद घेऊन उभ्या होत्या, मागे तीस-चाळीस माणसं. गाडी दिसताच सगळे टक लावून पाहू लागले. बाईंच्या हातातले कागद खाली पडले. टोपी घातलेला एक दाढीवाला माणूस हळूच जमिनीवर बसला.

जावई अदबीने खाली उतरले. एवढं कौतुक त्यांनाही अपेक्षित नव्हतं.

"किडे कुठायत?" बाईंनी विचारलं. आवाज फारच बारीक होता.

"काळजीच सोडा बाई. गटारात. एक राहिला असेल तर नाव बदलीन."

"अहो, काल अर्धंच शूटिंग झालंय," बाई म्हणाल्या. "हीरो नऊशे किलोमीटर गाडी चालवून दारात येतो. दार उघडण्याचं शूटिंग आज होतं, त्याच किड्यांसकट."

गर्दीतून एक किडकिडीत मुलगी पुढे आली. तिच्या एका हातात चिमटा होता, दुसऱ्या हातात डिंकाची बाटली. चकचकीत बॉनेटमध्ये तिला स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

"चारशे बारा होते," ती म्हणाली. "एकेक करून चिकटवले होते मी. चार दिवस."