साठ लाकडी वाकडचोचे

"विचारलं तेवढंच सांगावं, आणि हललं तेवढंच मोजावं," असं वडील म्हणायचे. बांधावर स्टूल टाकून दुर्बिणीला डोळा लावताना मोजणीबाईंना आज ते जरा जास्तच आठवत होतं. शेजारी घडीची खुर्ची उघडून खुद्द भरावशेठ बसले होते.

बाईंचं पोट शिवणकामावर. मोजणी वर्षातून एकदाच, तीही बिनपगारी. पण त्या दिवशी आकडा कागदावर उतरेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा वडिलांपासूनचा नेम. खोटं न बोलण्याचा नेम मात्र रोजचा.

समोरच्या चिखलावर दर हिवाळ्यात वाकडचोचे उतरतात. लांब पायांचे, विळ्यासारख्या चोचीचे, कुठल्या कुठल्या गार मुलखातून आलेले. वडिलांच्या काळात ते नऊशे होते. मग सहाशे झाले. गेल्या वर्षी तीनशे एकाहत्तर. सगळीकडे हीच रड, म्हणून त्यांचं नाव धोक्याच्या यादीत गेलं. आणि चिखल मातीने भरून तिथे ट्रकांचा तळ करायचा शेठांचा अर्ज कचेरीत अडकला. यंदाची मोजणी पाहून निकाल द्यायचा, असं ठरलं होतं. चिखल गेला की हे पक्षी उतरणार कुठे, हा प्रश्न बाईंना वर्षभर टाचणीसारखा टोचत होता.

महिन्यापूर्वी शेठ कोटाचं तुटलेलं बटण घेऊन दुकानात आले होते. बटण लावून होईपर्यंत त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, की पक्षी वाढले तर यादीतून नाव निघतं ना? सगळीकडे आणि बरीच वर्षं वाढत राहिले तर निघतं, असं बाईंनी सांगितलं. शेठांनी त्यातलं 'निघतं' तेवढं उचललं आणि खुशीत गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंचा धाकटा भाऊ येऊन बसला. तो सुतार. केसांत भुसा, नजर जमिनीवर. हवापाण्याच्या गप्पा संपल्यावर तो म्हणाला, ताई, ते वाकडचोचे उभे राहतात तेव्हा तोंड कुणीकडे करतात गं? वाऱ्याकडे, बाई म्हणाल्या. एकेकटे का घोळक्याने? घोळक्याने, पण मध्ये जागा सोडून, अजून कुणी येऊन उभं राहील एवढी. भावाने कानावरची पेन्सिल काढून सगळं तळहातावर लिहून घेतलं. कशाला रे, असं बाईंनीही विचारलं नाही.

पुढच्याच आठवड्यात चिखलात साठ नवे वाकडचोचे उभे राहिले. करड्या रंगाचे, वाऱ्याकडे तोंड केलेले. चोची छत्रीच्या काड्या वाकवून केलेल्या. साठीच्या बाईला एवढ्या लांबून काय कळतंय, असा शेठांचा हिशेब होता. बाईंना पहिल्याच दिवशी कळलं होतं. साठांतल्या एकानेही अंग खाजवलं नव्हतं.

आता बाई मोजत होत्या. दहा पक्षी झाले की एक बटण स्वेटरच्या उजव्या खिशातून डाव्या खिशात. शेठांनी थर्मासमधून दोन कप चहा ओतला. बाईंनी मानेनेच नको म्हटलं. मोजणीच्या कागदावर शेठांनी साक्षीदाराच्या जागी सही आधीच ठोकून दिली होती.

"एकही कमी लिहायचा नाही हं, बाई. शब्द द्या."

"दिला," बाई म्हणाल्या.

डाव्या खिशात एक्केचाळीस बटणं जमली आणि वर दोन पक्षी उरले. बाईंनी चारशे बारा असा आकडा लिहिला. खालच्या शेऱ्याच्या ओळीत जपून लिहिलं: 'शिवाय लाकडी साठ. मोजलेले नाहीत.'

शेठांचा कप ओठांपाशीच थांबला. पण ते हिशेबाला पक्के. लाकडी सोडूनही चारशे बारा? एवढे आले कुठून?

ते वरून जातच असतात, बाईंनी सांगितलं. गेली काही वर्षं न थांबता पुढे जायचे. यंदा खाली साठ जण निवांत उभे दिसले, तेव्हा त्यांना वाटलं, इथे खायला आहे आणि भीती नाही. म्हणून उतरले.

शेठ मोठ्याने हसले. म्हणजे त्यांचे साठ वाया गेले नव्हते. मग त्यांनी महिनाभरात पहिल्यांदाच विचारलं, की आता पुढे काय होतं?

विचारल्यावर सांगणं भागच होतं. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "जगात हे चाळीस हजार उरलेत. त्यांतला शंभरावा हिस्सा, म्हणजे चारशे, ज्या चिखलावर मिळतात, तो चिखल कायमचा राखीव. मागच्या पानावर छापलंय."

शेठांनी कागद उलटला, वाचला, परत सुलटा केला. खाली त्यांचीच सही होती. आधी बोलला का नाहीत, असं त्यांनी विचारलं. तुम्ही यादीचं विचारलंत, चिखलाचं नाही, बाई म्हणाल्या. शेठ खुर्ची पुढे सरकवून एकदम मऊ आवाजात म्हणाले, तेरा पक्षी म्हणजे काय हो, बाई. उडून गेले म्हणायचं. तीनशे नव्याण्णव लिहा.

बाईंनी त्यांच्या हातातून कागद अलगद काढून घेतला आणि घडी करून पिशवीत ठेवला. मग आपल्यासाठी ओतलेला दुसरा कप उचलला. आकडा लिहून झाला होता, आता चहा चालत होता. तो गार झाला होता, तरी त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत घेतला, कप पदराने पुसून शेठांच्या हातात दिला, आणि एकही कमी न लिहिण्याचा शब्द पाळायला कचेरीच्या वाटेला लागल्या.