कोंबड्याचा तुरा

"फोनवर पत्रिका पाठवली म्हणजे आमंत्रण होत नाही हो," असं मृणालिनीमावशीने आपल्या भाचीला, अबोलीला, ठणकावलं आणि आलेली पत्रिका तिथल्या तिथे डिलीट केली. बिचारी अबोली हाफ डे टाकून मरोळहून मुलुंडला आली, छापील पत्रिका आणि अक्षता मावशीच्या हातात देऊन, वाकून नमस्कार करून गेली.

मावशीला सध्या आर्ट जर्नलचं वेड लागलं होतं. जुन्या लग्नपत्रिकांचे नखाएवढे तुकडे करायचे आणि वहीत चिकटवून चित्रं करायची. पत्रिकेवरच्या गणपतीवर मात्र कात्री चालवायची नाही, तो अलगद सोडवून बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा, एवढं पथ्य ती पाळायची. परवाच तिचा कोंबडा पूर्ण झाला. त्याचा लालभडक तुरा बघून मैत्रिणी म्हणाल्या, "झकास! असला लाल कागद मिळाला कुठे गं?"

आज लग्नाच्या सकाळी मावशी पैठणी नेसून तयार झाली, तर काका चपला घालत म्हणाले, "अगं, हॉल कुठला? पत्रिका घे बरोबर."

कपाट झालं, ड्रॉवर झाले. शेवटी बिस्किटांचा डबा उघडला, तर सगळ्यात वर लालभडक कागदावरचा गणपती.

बहिणीला पत्ता विचारला, तर जन्मभर ऐकावं लागेल. म्हणून मावशीने मुकाट्याने नवरीलाच मेसेज केला:



"अबोली, अक्षता आहेत माझ्याकडे. फोनवरची पत्रिका तेवढी पुन्हा पाठव ना गं."