पारजानच्या शेतातली सावली

सकाळी पारजान आपल्या खालच्या शेतात आला तेव्हा वरच्या शेतातली म्बोक, म्हणजे मावशी, वारसिनी बांधावर तयारच होती. काल जाता जाता त्याने तिच्या झाडांना नावं ठेवली होती आणि त्याला द्यायचं नेमकं उत्तर तिला अंथरुणावर पडल्यावर सुचलं होतं. ते वाया जाऊ द्यायची तिची तयारी नव्हती.

पारजानने मान वर केली नाही. त्याने खांद्यावरची कावड उतरवली. दोन्ही टोपल्यांत सेंगोनची, लाकडासाठी लावतात त्या उंच झाडाची, कोवळी रोपं होती.

"कांग, ही कुणाची रोपं?" थोरल्या भावाला म्हणावं तसं ती त्याला कांग म्हणायची.

"माझी."

"तू सेंगोन लावणार? तू?"

"मग काय झालं? लावायला काय तुझी परवानगी लागते?"

वारसिनीला हसावं की रागवावं ते कळेना. तिच्या शेतात सेंगोनच्या रांगा होत्या आणि रांगांमधल्या सावलीत वेलदोडा. बांधावरचं झाड सगळ्यांत दांडगं. त्याची सावली खाली पारजानच्या मक्यावर पडायची आणि त्यावरून दोघांची रोज सकाळी जुंपायची. तो म्हणायचा, पाला तुझ्या पदरात अन् सावली माझ्या. ती म्हणायची, पाला तुझ्याकडेही उडतो, नाहीतर तुझ्या त्या धुपलेल्या तांबड्या मातीत गांडूळ कुठून आलं असतं? दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण मिटायचं काही कारण नव्हतं. आणि खरं सांगायचं तर दिवसभरात वारसिनीशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

पारजान खड्डे घेऊ लागला.

"मुलगी शहरात, सेमारांगला बोलावते आहे," तो खाली बघतच म्हणाला. "मक्याला राखण लागते, खत लागतं, निंदणी लागते. झाडाला काही लागत नाही. पाच-सहा वर्षांनी यायचं, व्यापाऱ्याला दाखवायचं, मोकळं व्हायचं. मक्यापेक्षा चार पैसे जास्तच."

हे काही नवीन नव्हतं. डोंगरावरची बाकीची माणसंही अशीच गेली होती. आधी झाडं लावली, दोन वर्षं मधल्या जागेत मका काढला, आलं काढलं, मग सावली दाट झाली आणि कुणाला शेतात यायचं कामच उरलं नाही. सगळा उतार हिरवागार झाला होता. लांबून बघणाऱ्याला फार छान वाटायचं.

"मी बांधावरचं झाड तोडते," वारसिनी म्हणाली. "आजच तोडते. कुऱ्हाड घेऊन येते."

"आता कशाला? राहू दे ते. अजून जाडी भरेल त्याची. चांगला भाव येईल तुला."

पारजान तिच्याशी इतकं गोड कधीच बोलला नव्हता.

ती बांधावर बसली. तो एकेक रोप ठेवत होता, माती लोटत होता, पायाने दाबत होता. हात सवयीचा होता, काम भराभर उरकत होतं. तिला ते हळू व्हायला हवं होतं.

"मधे आलं लाव," ती म्हणाली. "दोन वर्षं तरी ऊन असतं. जमीन उघडी ठेवलीस तर पावसात सगळी नदीला जाईल."

"मला शिकवतेस? मी इथे असलो तर लावीन ना."

"मग मी लावते."

पारजानने पाठ सरळ केली आणि आज पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "लाव. मला वाटा नको."

"नको कसा? अर्धा वाटा तुझा. काढणीला येऊन समोर मोजून घ्यायचा."

"तूच ठेव गं सगळं."

"मी चोरटी आहे, कांग. सांगून ठेवते. तू आला नाहीस तर पोतीच्या पोती लंपास करीन. बांधसुद्धा हातभर खाली सरकवीन."

पारजान हसला. दात राहिले नव्हते फारसे. "सरकव. माझ्या वाट्याचं आलंही मीठ लावून खा."

शेवटचं रोप लावून झालं. त्याने रिकामी कावड खांद्यावर घेतली, रोपांवर पाय देऊ नकोस म्हणून बजावलं आणि उताराच्या पायवाटेने निघून गेला. वळणावर त्याने मागे पाहिलं की नाही ते तिला दिसलं नाही. मधे झाडं होती.

थोड्या वेळाने वारसिनी घरून कुदळ घेऊन आली आणि त्याच्या शेतात उतरली. इतक्या वर्षांत ती बांधाच्या या बाजूला कधी उभी राहिली नव्हती. तिने एक घाव घातला. बांधाजवळची माती काळी होती, भुसभुशीत होती, मुठीत धरली की ओलसर लागत होती. शेताच्या दुसऱ्या टोकाला मात्र कुदळ खणकन वाजली. म्हणजे पाल्याचं तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. हे आता सांगायचं कुणाला?

मग तिला थंडी वाजली. सूर्य केव्हाच वर आला होता, पलीकडचा डोंगर उन्हात न्हाला होता, पण इथे अजून ऊन नव्हतं. तिच्या झाडाने अर्धं शेत झाकलं होतं. सावली सरकेल म्हणून ती कुदळीवर हात ठेवून थांबली. बराच वेळ थांबली. सावली हलायचं नाव घेईना.

शेवटी तिचं डोकं फिरलं. तिने मान वर केली आणि त्या झाडाच्या मालकिणीला मोठ्याने एक कचकचीत शिवी हासडली.

बांधावरून उलट उत्तर आलं नाही. उत्तर देणारी बाई खाली पारजानच्या शेतात उभी होती.